रिकामी झालेली वेळ

दर वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या मोठ्या दूरचित्रवाहिन्या न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदारांना बोलावतात आणि सप्टेंबरपासून कोणत्या वारी, किती वाजता, काय दाखवणार ते सांगतात. मे २०२३मध्ये एबीसीने मांडलेल्या वेळापत्रकात पटकथेवर आधारलेल्या मालिकेचा एकही नवा भाग नव्हता. नृत्यस्पर्धा होती, प्रश्नमंजूषा होत्या, एका ज्येष्ठ गृहस्थाला जोडीदार शोधून देणारा कार्यक्रम होता, शनिवारी फुटबॉल होतं. बुधवारच्या रकान्यात ‘ॲबट एलिमेंटरी’ दिसत होती, पण तिचेही जुनेच भाग. लेखकांचा संप सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. सप्टेंबरपर्यंत लेखकांच्या हातून काही मिळणार नाही, असं वाहिनीने धरून टाकलं होतं आणि तो अंदाज बरोबर निघाला.

संप पुकारणारी संस्था राइटर्स गिल्ड ऑफ अमेरिका. तिच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण करारांचा हिशेब मांडतात: कोणत्या संपात किती टक्के पदरात पडले. तो हिशेब महत्त्वाचा आहेच. पण मला या संस्थेची वाटचाल वाहिन्यांच्या वेळापत्रकात जास्त स्पष्ट दिसते. लढून लढून गिल्डने प्रत्येक नव्या माध्यमात लेखकाचा वाटा मिळवला. त्या लढ्यांच्या काळात रिकामी झालेली वेळ मात्र दुसऱ्याच कुणीतरी भरली, आणि १९८८पासून तरी ती वेळ पूर्णपणे लेखकांकडे परत आलेली नाही.

सुरुवात १९३३ची. मंदीने बँका बंद पडल्या तेव्हा हॉलिवूडच्या स्टुडिओंनी पगार निम्म्यावर आणले. आठ आठवड्यांपुरतीच कपात, असं सांगितलं गेलं. लेखक तेव्हा आठवड्याच्या पगारावर नोकरी करायचे. एकाच कथेवर चार-पाच जणांना जुंपलं जायचं आणि पडद्यावर नाव कुणाचं द्यायचं हे निर्मात्याच्या मर्जीवर असायचं. त्या वसंतात स्क्रीन राइटर्स गिल्ड कामगार संघटना म्हणून नव्याने उभी राहिली. जॉन हॉवर्ड लॉसन तिचे पहिले अध्यक्ष झाले. स्टुडिओंनी १९३६मध्ये आपल्या मर्जीतल्या लेखकांची वेगळी संघटना उभी करून गिल्ड मोडायचा प्रयत्न केला. १९३८मध्ये लेखकांनी मतदानाने गिल्डच्या बाजूने कौल दिला, तरी पहिला करार व्हायला १९४२ उजाडलं. नऊ वर्षं! त्या झगड्यातून मिळालेली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. श्रेयनामावलीत लेखक म्हणून कुणाचं नाव जायचं, यावर वाद झाला तर निर्णय गिल्ड देतं. आजही देतं.

म्हणूनच पुढचं पान वाचताना त्रास होतो. १९४७मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने हॉलिवूडमध्ये कम्युनिस्टांचा शोध सुरू केला. तुरुंगात गेलेल्या दहा जणांत, ‘हॉलिवूड टेन’मध्ये, लॉसन होते, पटकथालेखक डाल्टन ट्रम्बो होते. समितीपुढे नीट साक्ष न देणाऱ्या लेखकाचं नाव पडद्यावरून काढण्याची मुभा गिल्डने १९५२मध्ये निर्मात्यांना दिली. नावाच्या हक्कासाठी जन्मलेल्या संस्थेने नाव पुसायला संमती दिली. ‘रोमन हॉलिडे’च्या लेखनाचं पूर्ण श्रेय ट्रम्बोंना मिळायला २०११ साल लागलं. तोवर त्यांना जाऊन पस्तीस वर्षं झाली होती.

दरम्यान घराघरांत दूरचित्रवाणी आली होती. रेडिओ, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्हींच्या लेखक संघटना १९५४मध्ये एकत्र आल्या, आणि पूर्व व पश्चिम अशा दोन शाखांचं गिल्ड आकाराला आलं. मध्ये सीमा मिसिसिपी नदीची. नव्या माध्यमाने एक नवाच प्रश्न आणला होता. चित्रपट दाखवून संपतो, मालिकेचा भाग पुन्हा पुन्हा दाखवता येतो. तो दुसऱ्यांदा दाखवला तर लेखकाला काय? १९५३पासून ठरावीक पुनःप्रक्षेपणांपुरते थोडे पैसे मिळू लागले होते. जुने चित्रपट दूरचित्रवाणीला विकून स्टुडिओ कमवत होते, त्यात मात्र लेखकाला काहीच नव्हतं. १९६०मध्ये गिल्ड जानेवारीपासून जूनपर्यंत संपावर राहिलं. नटांची संघटनाही त्याच वेळी संपावर गेली, तिचे अध्यक्ष होते रोनाल्ड रीगन. त्या संपातून निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधी उभा राहिला, आणि पुढच्या चित्रपटांच्या विक्रीत वाटा मिळाला. दोन कामांच्या मधले बेकारीचे महिने अमेरिकेतला पटकथालेखक पुनर्वापराच्या अशा पैशांवर, म्हणजे ‘रेसिड्युअल’वर, काढतो. हा शब्द तिथल्या लेखकांच्या घरात भाडं, शाळेची फी, दवाखाना यांच्या जोडीने उच्चारला जातो.

संपाचा घाव वेळापत्रकावर नेमका कुठे बसतो ते समजायला मालिकेचा कारखाना कसा चालतो ते पाहावं लागतं. तीन मोठ्या वाहिन्यांकडे आठवड्याला प्राइम टाइमचे बावीस तास असतात: सोमवार ते शनिवार रात्री आठ ते अकरा, रविवारी सातपासून. मालिकेचं वर्ष सप्टेंबरअखेर सुरू होऊन मेमध्ये संपतं आणि त्यात साधारण बावीस भाग बसतात. जूनच्या सुमारास लेखकांची खोली उघडते. आठ-दहा जण एका टेबलाभोवती बसून मोसमाची गोष्ट फोडतात, भिंतीवर प्रसंगांची कार्डं लागतात, एकेक भाग एकेकाकडे जातो, मसुदे परत टेबलावर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये चित्रीकरण सुरू होतं. पहिला भाग लोकांसमोर येतो तेव्हा आठवा-नववा लिहून होत असतो. म्हणजे लेखक उठले तरी पडद्यावर सहा-आठ आठवडे कुणाला काही जाणवत नाही. अपवाद रात्री साडेअकराच्या गप्पांच्या कार्यक्रमांचा. त्यातले विनोद त्याच दिवशी सकाळी, वर्तमानपत्र समोर ठेवून लिहिले जातात. त्यामुळे संपाच्या पहिल्याच रात्री तिथे जुना भाग लागतो.

मार्च १९८८मध्ये सुरू झालेला संप पाच महिने चालला आणि ऑगस्टमध्ये मिटला. गिल्डचा हा सर्वांत लांबलेला संप. ऑगस्टमध्ये लेखक परतले खरे, पण तोवर नव्या मोसमाची तयारी हुकली होती. सप्टेंबरमध्ये सुरू व्हायच्या मालिका ऑक्टोबर-नोव्हेंबरवर गेल्या, काही त्याहून पुढे. एनबीसीच्या हाताशी सोलचं ऑलिंपिक आणि बेसबॉलची वर्ल्ड सीरिज होती, म्हणून तिचं निभावलं. एबीसीने वीस वर्षांपूर्वीच्या ‘मिशन: इम्पॉसिबल’ला पुन्हा उभं केलं. जुन्या पटकथा हाताशी होत्या, त्या थोड्या बदलून ऑस्ट्रेलियात चित्रीकरण केलं. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या दुसऱ्या मोसमाचा पहिला भाग अकरा वर्षांपूर्वी बासनात गेलेल्या एका पटकथेवरून केला, आणि सव्वीसच्या जागी बावीसच भाग झाले.

याच पोकळीत फॉक्स ही नवखी वाहिनी पुढे सरसावली. पोलिसांच्या गाडीत कॅमेरा घेऊन बसायचं आणि जे घडेल ते दाखवायचं, ही कल्पना जॉन लँग्ली कित्येक वर्षं वाहिन्यांना ऐकवत होते, कुणी घेत नव्हतं. मार्च १९८९मध्ये फॉक्सवर ‘कॉप्स’ सुरू झाला. नट नाहीत, निवेदक नाही, पटकथा नाही. लेखकांशिवाय चालणारा आणि स्वस्तात होणारा कार्यक्रम प्रेक्षक आठवड्यामागून आठवडे पाहतात, हे वाहिन्यांना तिथे कळलं. फॉक्सवर तो २०१३पर्यंत चालला. वास्तवदर्शी कार्यक्रम संपानेच जन्माला घातले असं मी म्हणणार नाही. ‘अमेरिकाज मोस्ट वाँटेड’ संपाच्या आधीच सुरू झाला होता. पण अशा कार्यक्रमांना वेळापत्रकात पक्की जागा त्या वर्षाने दिली.

मधल्या काळात एक जखम चिघळत होती. व्हिडिओ कॅसेट नवी होती तेव्हा, १९८५मध्ये, गिल्डचा संप दोन आठवड्यांत कोसळला आणि स्टुडिओंचं सूत्र मान्य करावं लागलं. त्या सूत्रात विक्रीच्या रकमेतले ८० टक्के बाजूला काढून उरलेल्या २० टक्क्यांवर लेखकाचा वाटा मोजायचा होता. धंदा नवा आहे, खर्च जास्त आहे, स्थिरावला की बघू, असं तेव्हा सांगितलं गेलं. कॅसेटच्या जागी डीव्हीडी आली, स्टुडिओंचा नफा कुठच्या कुठे गेला, सूत्र तेच राहिलं. एका डीव्हीडीमागे लेखकाच्या हाती चार-पाच सेंट पडत. इंटरनेट दारात आलं तेव्हा स्टुडिओ पुन्हा तेच बोलू लागले: नवं माध्यम आहे, अजून अंदाज नाही. लेखकांनी हे आधी ऐकलेलं होतं.

५ नोव्हेंबर २००७ला संप सुरू झाला. एनबीसीवरच्या ‘द ऑफिस’चे लेखक स्टुडिओबाहेर फलक घेऊन उभे राहिले. त्यातले बी. जे. नोवॅक, मिंडी केलिंग, पॉल लीबरस्टीन मालिकेत कामही करत. तिथूनच त्यांनी एक छोटा व्हिडिओ केला. वाहिनीच्या संकेतस्थळासाठी त्यांनी मालिकेचे छोटे भाग लिहिले होते, जाहिराती लावून ते दाखवले गेले, त्यांना डेटाइम एमी मिळालं, आणि लेखकांना त्याचे वेगळे पैसे मात्र मिळाले नव्हते. त्या काही मिनिटांत सगळा वाद मावला होता. मालिकेतले मुख्य नट स्टीव्ह करेल कामावर गेले नाहीत आणि मालिका तिथल्या तिथे थांबली.

हा संप शंभर दिवस चालला. ‘हीरोज’चा दुसरा मोसम अकरा भागांवर गुंडाळला. ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला मोसम नऊऐवजी सात भागांचा झाला. ‘२४’ तर जानेवारी २००९पर्यंत ढकलली. सीबीएसने आपल्याच कंपनीच्या सशुल्क वाहिनीवरची ‘डेक्स्टर’ काटछाट करून लावली आणि एरवी उन्हाळ्यात दिसणारा ‘बिग ब्रदर’ फेब्रुवारीत आणला. एनबीसीने ‘अमेरिकन ग्लॅडिएटर्स’ परत आणला. जानेवारीत गोल्डन ग्लोबचा सोहळा रद्द होऊन नुसती पत्रकार परिषद झाली, कारण लेखकांची रांग ओलांडायला नट तयार नव्हते. रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे सूत्रधार डेव्हिड लेटरमन यांच्या स्वतःच्या कंपनीने गिल्डशी स्वतंत्र करार केला आणि ते २ जानेवारीला आपल्या लेखकांसह परतले. त्याच रात्री एनबीसीवरचे सूत्रधार जे लेनो आणि कोनन ओब्रायन लेखकांविना परतले.

सगळ्यात वाईट वाटतं ते ‘पुशिंग डेझीज’चं. नऊ भागांत या मालिकेने आपला प्रेक्षक जमवला होता. संप मिटल्यावर एबीसीने तिला लगेच परत न आणता पुढच्या मोसमापर्यंत थांबवलं. मधे नऊ-दहा महिने गेले. प्रेक्षक विसरले आणि मालिका बंद झाली. मालिका पाहणं ही आठवड्याची सवय असते, ती मोडली की जाहिरातबाजीने परत लागत नाही.

फेब्रुवारी २००८मध्ये इंटरनेटवरच्या लेखनावर गिल्डचा हक्क करारात आला. तेव्हा पैसे फारसे दिसत नव्हते, पण ‘हाऊस ऑफ कार्ड्स’सारख्या मालिका थेट नेटफ्लिक्ससाठी होऊ लागल्या तेव्हा त्या लेखकांना गिल्डचं संरक्षण मिळालं, ते याच कलमामुळे. ‘शंभर दिवसांत काय मिळवलं?’ असं विचारणाऱ्यांना मी हे एकच उदाहरण देईन.

त्याच वर्षी मुंबईतही असाच प्रसंग आला. मानधनाच्या आणि कामाच्या तासांच्या प्रश्नांवर चित्रपट-मालिका कामगारांच्या महासंघाचा निर्मात्यांशी झगडा पेटला आणि नोव्हेंबर २००८मध्ये हिंदी वाहिन्यांवर रोजच्या मालिकांचे जुने भाग लागले. आपल्याकडे भागांची ‘बँक’ असते ती जेमतेम काही दिवसांची. सकाळी संवाद हातात येतात, दुपारी सीन होतो, आणि पुष्कळदा त्याच आठवड्यात तो दिसतो. काम थांबलं की अमेरिकेत सहा आठवड्यांनी जे दिसतं ते मुंबईत आठवड्याभरात दिसतं. अंधेरी-गोरेगावच्या सेटवरच्या लेखकाचं बळ खरं तर त्यामुळे जास्त असायला हवं. तसं ते नाही, कारण कराराने बांधलेली किमान रक्कम आणि किमान मुदत आपल्या लेखकांना अजून मिळालेली नाही.

अमेरिकेत मात्र संप मिटल्यावरही वेळापत्रक हलतच राहिलं. एनबीसीचे प्रमुख जेफ झुकर यांनी संप चालू असतानाच सांगून टाकलं होतं की दर वर्षी डझनावारी पायलट, म्हणजे नमुन्याचे, भाग बनवून त्यातले बहुतेक फेकून द्यायचे, ही उधळपट्टी आता परवडणार नाही. स्टुडिओंनी कित्येक लेखकांचे दीर्घ मुदतीचे करार जानेवारीतच रद्द केले होते. मग सप्टेंबर २००९मध्ये एनबीसीने ते केलं, जे त्याआधी कुणी केलं नव्हतं. सोमवार ते शुक्रवार रोज रात्री दहाचा तास जे लेनोंना देऊन टाकला. हा तास एनबीसीचा मानाचा. गुरुवारी रात्री दहाला इथेच ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ लागायची, नंतर ‘एल. ए. लॉ’, नंतर पंधरा वर्षं ‘ईआर’. आठवड्यातल्या पाच नाट्यमालिकांची जागा एका फटक्यात गेली, कारण पाच नाट्यमालिकांपेक्षा पाच दिवसांचा गप्पांचा कार्यक्रम कितीतरी स्वस्त पडतो. मंदी होती, प्रेक्षक केबलकडे चालले होते, त्यामुळे सगळा दोष संपानंतरच्या हिशेबी वृत्तीवर टाकता येणार नाही. पण कमी लेखनात आठवडा भरता येतो ही हिंमत संपाच्या काळातच आली, याबद्दल मला शंका नाही.

प्रयोग पाच महिन्यांत फसला. गावोगावच्या संलग्न केंद्रांचा मुख्य धंदा रात्री अकराच्या स्थानिक बातम्यांवर चालतो, आणि दहाच्या नाट्यमालिकेसाठी बसलेला प्रेक्षक बातम्यांपर्यंत टिकत असे. लेनो आले तसा तो प्रेक्षक ओसरला. केंद्रांनी बंड केलं. फेब्रुवारी २०१०मध्ये कार्यक्रम बंद झाला आणि लेनो साडेअकराच्या जागी परत गेले. त्या उलथापालथीत, लेनोंनंतर त्या जागी आलेले कोनन ओब्रायन वाहिनी सोडून गेले. चांगलं लिहिलेल्या एका तासावर पुढचा दीड तास उभा असतो, हे एनबीसीला फार महागात पडून उमगलं.

पुढची दहा-बारा वर्षं ओटीटीची. २०२२मध्ये अमेरिकेत सहाशेच्या आसपास पटकथाधारित मालिका झाल्या. एवढं काम, आणि लेखक गरीब होत चालले होते. बावीसऐवजी आठ-दहा भागांचा मोसम आला. मालिकेला मंजुरी मिळण्याआधीच तीन-चार जणांना थोड्या आठवड्यांसाठी बसवून पूर्ण मोसम लिहून घ्यायचा, अशी ‘मिनी रूम’ची पद्धत आली. चित्रीकरण सुरू होईपर्यंत लेखक घरी गेलेला. सेटवर उभं राहून, नट अडखळला की वाक्य बदलून, संकलकाच्या शेजारी बसून तरुण लेखक शोरनर, म्हणजे मालिकेचा प्रमुख लेखक-निर्माता, व्हायला शिकायचा, ती शाळाच बंद झाली. ओटीटीवर पुनःप्रक्षेपण असं वेगळं नसतं, त्यामुळे मालिका कितीही पाहिली गेली तरी रेसिड्युअल ठरावीकच. दूरचित्रवाणीच्या लेखकांपैकी निम्मे लेखक किमान दरावर काम करत होते. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण एक तृतीयांश होतं.

२०२३च्या संपाच्या बाजूने ९७.८५ टक्के मतं पडली. २ मे २०२३ला काम थांबलं, त्याच रात्री साडेअकराचे कार्यक्रम गेले. जुलैच्या मध्यावर नटही उतरले, १९६०नंतर प्रथमच दोन्ही संघटना एका वेळी संपावर होत्या. रात्रीच्या पाच सूत्रधारांनी मिळून पॉडकास्ट काढला आणि त्याचे पैसे बसून राहिलेल्या कर्मचाऱ्यांना दिले. सप्टेंबरचा एमी सोहळा जानेवारीवर गेला. सीबीएसने रविवारी रात्री केबलवर आधीच दाखवून झालेली ‘यलोस्टोन’ लावली, ‘सर्व्हायव्हर’ आणि ‘द अमेझिंग रेस’ दीड-दीड तासाचे केले, आणि ज्या ब्रिटिश ‘घोस्ट्स’वरून आपली मालिका घेतली होती ती मूळ मालिकाच आणून दाखवली. एबीसीने सोमवारी रात्री नृत्यस्पर्धेच्या जागी फुटबॉल आणलं.

१४८ दिवसांनी संप मिटला तेव्हा करारात प्रथमच माणसांचा आकडा आला. सहा भागांपर्यंतच्या मोसमाला किमान तीन लेखक, सात ते बाराला पाच, तेरा किंवा जास्त भागांना सहा. ओटीटीवरची मालिका पहिल्या नव्वद दिवसांत त्या सेवेच्या देशातल्या वीस टक्के वर्गणीदारांनी पाहिली तर जादा रक्कम. यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, लिहिलेला मजकूर हे लेखन मानलं जाणार नाही आणि लेखकाला असा मजकूर दिला तर तसं सांगावं लागेल, हेही आलं. ९९ टक्के सदस्यांनी करार मंजूर केला. व्हिडिओचं सूत्र वीस वर्षांनीही बदलता आलं नव्हतं. यंत्राच्या बाबतीत गिल्ड वेळेवर पोहोचलं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मालिका परतल्या त्या जानेवारी-फेब्रुवारी २०२४मध्ये. सीबीएसने सुपर बोलच्या रात्रीपासून आपला मोसम सुरू केला. बहुतेक मालिकांना दहा ते तेरा भाग मिळाले. पुढच्या सप्टेंबरमध्ये वेळापत्रक ठरल्या वेळी सुरू झालं, पण ज्येष्ठ गृहस्थाच्या त्या कार्यक्रमाने, ‘द गोल्डन बॅचलर’ने, संपाच्या मोसमात प्रेक्षक मिळवून स्वतःची जागा आणि पुढचं भावंडही मिळवलेलं होतं, आणि सोमवारचं फुटबॉल एबीसीने सोडलं नाही. २०२३मध्ये मालिकांची एकूण संख्या ५१६वर आली. गिल्डच्या मोजणीनुसार २०२३-२४च्या मोसमात दूरचित्रवाणी लेखनातली कामं त्याआधीच्या मोसमापेक्षा ४२ टक्क्यांनी घटली. संपाचे महिने त्यात धरलेले आहेत, पण पैसा ओतून मालिका काढण्याचा ओटीटीचा जोर संपाच्या आधीच ओसरू लागला होता.

तीन, पाच, सहा हे आकडे लागू होतात ते खोली उघडल्यावर. वर्षाला किती खोल्या उघडायच्या आणि रात्री दहाचा तास कुणाला द्यायचा, हे अजूनही वाहिनी आणि स्टुडिओच ठरवतात. २०२३च्या करारात त्याबद्दल एकही कलम नाही.